पाण्याच्या टाकीचं वळण

३ मे

प्रिय आत्या,

पोचले. खोली मिळाली, सामान लागलं, सायकल बसच्या टपावरून उतरवताना कुठे खरचटली नाही. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण आपल्या घरात ते खातं माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

खोली एका लाँड्रीच्या वर आहे. खाली दिवसभर इस्त्री चालते, त्यामुळे माझी फरशी कायम कोमट असते. लाँड्री घरमालकीणबाईंचीच. साठीच्या पुढच्या आहेत आणि बोलताना हातातली इस्त्री थांबत नाही. मी रस्ता लिहायला आले म्हटल्यावर त्यांना वाटलं मी सरकारी माणूस, आणि त्यांनी मला दारासमोरचा खड्डा दाखवला. मग मी समजावून सांगितलं की पुढच्या महिन्यात इथे सायकलची राष्ट्रीय टाइम ट्रायल आहे आणि माझी आत्या त्यात आहे. सगळ्या एकदम सुटत नाहीत, एकेकीला ठरावीक अंतराने सोडतात, जिने तिने एकटीने पळायचं, कुणाच्या आडोशाला राहायचं नाही, आणि जिचा वेळ सगळ्यांत कमी ती पहिली. बाईंनी विचारलं, "मग हरवायचं कुणाला, समोर कुणी दिसतच नाही तर?" आत्याला विचारून सांगते म्हटलं.

आता रस्ता. सोबतची पानं बघ. सुटण्याच्या जागेपासून शेवटच्या कमानीपर्यंत गटारांची सगळी झाकणं लिहिली आहेत, कोणतं वर आलंय, कोणतं खाली गेलंय, कोणतं हलतं. कालव्याकाठच्या झाडांच्या मुळांनी डांबर कुठे उचललंय तेही लिहिलंय. पुलाच्या सांध्यांचं माप मी औषधाच्या दुकानातल्या फूटपट्टीने घेतलं. मालकांनी रजा देताना पट्टी परत आण म्हणून बजावलं होतं, म्हणजे ती मी आणली आहे हे त्यांना माहीत आहे. चोरलेली नाही.

मला हे बाबांसारखं जमणार नाही, आत्या. तुझे सगळे रस्ते त्यांनीच लिहिले. पाचही वेळा तू जिंकलीस ती त्यांच्या अक्षरावर. मी सायकल चालवते ती घर ते दुकान. उतार आला की दोन्ही ब्रेक धरून खाली येते, तुला माहीतच आहे. तरी तू मलाच का पाठवलंस ते मी विचारणार नाही असं ठरवलं होतं, आणि विचारून बसले.

बाबा मला सोडायला स्टँडवर आले नाहीत. शिकाऊ गिऱ्हाईक आहे म्हणाले. रविवार होता, आणि त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल रविवारी बंद असतं.

तुझी,
(तुला माहीत आहे)


९ मे

शंकाबाई,

तुझं पाकीट इथे डोंगरावरच्या सराव शिबिरात पोस्टमनने माझ्या हातात ठेवलं आणि धापा टाकत पायरीवर बसला. झाकणं एकूण एक बरोबर असणार याबद्दल माझी खात्री आहे. फक्त ती माझ्या डोक्यात मावत नाहीत.

मी कशी वाचते ते ऐक. खोलीत सायकल स्टँडवर लावते, समोरच्या भिंतीवर तुझी पानं चिकटवते आणि पायडल मारत वाचते. शर्यतीच्या वेगाने. काल मी पुलावर पोचायला हवं होतं तेव्हा पोस्टासमोरची झाकणंच वाचत होते. शेजारच्या खोलीतल्या तरुण पोरी रस्त्याचा व्हिडिओ बघतात आणि मला हसतात. हसू देत. बघितलेला रस्ता माझ्या डोळ्यांत राहतो, वाचलेला पायांत उतरतो. पहिल्यांदा असं झालं ते माझी परीक्षा होती म्हणून. रस्ता बघायला जाता आलं नाही, तर दादा जाऊन आला आणि त्याने एका कागदावर लिहून दिलं. त्या शर्यतीत मी पहिली आले, मग आम्ही दुसरी पद्धत शोधलीच नाही.

तेव्हा मला रस्ता कसा आहे ते सांगू नकोस. मी काय करायचं ते सांग. कुठे मान खाली, कुठे श्वास, कुठे झुकायचं. बाकी सोडून दे. सोडून देणं तुला जमत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच आधी सगळं लिहिलंस ते बरं झालं. आता गाळ.

बाईंना सांग, समोर कुणी दिसत नाही तेच बरं. दिसली तर तिच्यापेक्षा जरासं जास्त पळून माणूस समाधान मानतो. दिसली नाही तर किती पळायचं ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणि तू विचारलंसच, तर. तीन वर्षांपूर्वी मी पडले तो रस्ता दादाने "निर्धास्त जा" असा लिहिला होता. तो बरोबर होता. त्या सकाळी एक टँकर गळत गेला आणि वळणावर तेल सांडलं, हे त्याला किंवा मला कसं कळणार? खांदा जुळला, खुबा जुळला. दादा काही जुळला नाही. तेव्हापासून तो प्रत्येक वळणावर ब्रेक लिहितो. रस्ता सरळ असला तरी कुठेतरी एखादं वळण शोधून काढतो. गेली दोन वर्षं मी दुसरी आले. त्याला "आता तू लिहू नकोस" म्हणायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून तुझं नाव सांगितलं. ओझं तुझ्यावर ढकललंय, कळतं मला.

पण तुलाच का, याचं अजून एक कारण आहे. तू शाळेत जायला लागलीस ते वयाच्या आठव्या वर्षी. तोवर तुझी शाळा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची मागची सीट. या शर्यतीहून त्या शर्यतीला. अक्षरं दादाने दुकानांच्या पाट्यांवरून शिकवली, अपूर्णांक मी माझ्या गिअरच्या दात्यांवरून. एक उत्तर दिलं की तू म्हणायचीस, "नक्की का?" आम्ही दोघं वैतागायचो. आता मला तेच हवंय. माझी ही शेवटची राष्ट्रीय स्पर्धा. सहाव्यांदा जिंकून थांबावं असं मनात आहे. जिंकले तर लगेच घरी येईन, नाही जिंकले तर जरा रेंगाळत येईन.

आत्या


१४ मे

प्रिय आत्या,

पुन्हा लिहिलं. गाळलेलं एका वेगळ्या कागदावर ठेवलंय, लागलं तर. हे भिंतीवर लाव:

सुटल्यावर पोस्टाकडे बघू नकोस, तिथे नेहमी गर्दी असते. रस्त्याच्या मधल्या रेघेवर राहा, झाकणं सगळी कडेला आहेत. कालव्याला लागलीस की वारा उजव्या गालावर येईल. मान खाली घाल आणि वाऱ्याशी भांडू नकोस. शाळेची लांब भिंत आली की वारा थांबतो, तिथे श्वास घे. पुलावर सांधे आहेत, पण तुझ्या वेगाला ते फक्त आवाज करतील. चढ दोन तुकड्यांत आहे. पहिला संपला की चढच संपला असं वाटतं. मला रोज वाटतं. संपलेला नसतो. थोडं राखून ठेव. माथ्यावर पाणी पिऊ नकोस, लगेच उतार आहे.

इथपर्यंत ठीक आहे ना? बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मला सायकल येत नाही तरी दम लागला. तुझं उत्तर त्यांना आवडलं. इस्त्री क्षणभर थांबली होती.

उतारावर मात्र एका वळणाशी मी अडले आहे. उताराच्या ऐन वेगात डाव्या हाताला पाणीपुरवठ्याची टाकी आहे आणि तिची दगडी भिंत थेट रस्त्याला लागून आहे. वरून येताना रस्ता त्या भिंतीतच शिरतोय असं दिसतं. पलीकडचं काही दिसत नाही. येणारी प्रत्येक गाडी तिथे ब्रेक लावते, डांबरावर काळे पट्टे उमटलेत. मी तिथे दोन दिवस समोरच्या कठड्यावर बसून होते. खालून बघितलं की वेगळंच दिसतं. भिंत संपते तिथे रस्ता मिटत नाही, उघडतो. एकदम रुंद होतो, आणि आतल्या बाजूला कललेला आहे, म्हणजे सायकलला बाहेर फेकत नाही, धरून ठेवतो. मला वाटतं इथे ब्रेक लागत नाही, त्याची गरजच नाही. पण "वाटतं" हा शब्द मी दुकानात कधी वापरत नाही. गिऱ्हाईकाला "ही गोळी बहुधा चालेल" असं सांगून कसं चालेल?

म्हणून त्या वळणापुरती जागा कोरी सोडली आहे. बाबांना फोन केला, वळण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेजारच्या शिकाऊला गाडी बाजूला घे म्हणाले आणि फोन ठेवला.

तू रागावली नाहीस ना, मागच्या पानांवरून?

तुझी शंकाबाई


१७ मे

बाळा,

फोनवर बोलता आलं नाही. शेजारी शिकाऊ होता आणि चौक आला होता. म्हणून लिहितो.

ते वळण मी पाहिलेलं नाही. पण पलीकडचं दिसत नसेल तर ब्रेक लावायचा, हे मी रोज सकाळ-संध्याकाळ शिकवतो. तू म्हणशील शर्यतीत मोटारीचे नियम चालत नाहीत. हाडांना चालतात.

तुझ्या आत्याला मी एकदा "निर्धास्त जा" लिहून दिलं. दवाखान्यात ती म्हणाली, दादा, तुझी चूक नाही. मी मान हलवली. पण अजून माझ्या हातून तो शब्द लिहिला जात नाही. तूही लिहू नयेस असं मला वाटतं. निम्मं तिच्यासाठी वाटतं आणि निम्मं तुझ्यासाठी. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो. इतर कुणाच्या गाडीत बसलो की माझा पाय तो शोधत राहतो, तुझी आई हसायची. काही चुकलं तर तूही जन्मभर अशीच पाय आपटत बसशील.

ब्रेक लिही. दुसरी आली तर आली.

बाबा

ता. क. लाँड्रीच्या वर राहतेस. वायरी जुन्या नाहीत ना ते बघ.


२३ मे

प्रिय आत्या,

बाबांचं पत्र आलं. ते म्हणतात, टाकीच्या वळणावर ब्रेक लाव. हे मी पहिल्यांदाच लिहिते, कारण पुढे माझं म्हणणं वेगळं आहे आणि त्यांचं लपवून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. तुझे रस्ते त्यांनी इतकी वर्षं लिहिले, त्यांचं मत या पानावर असायला हवं.

आता माझं. बसून बघून मला कळेना, म्हणून मी त्या वळणावरून सायकलने उतरले. पहिल्या दिवशी नेहमीसारखी दोन्ही ब्रेक धरून, इतकी हळू की एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले. मग रोज थोडा थोडा कमी. समोरून गाडी आली तर काय, ही भीती होती, तर बाई म्हणाल्या मी उभी राहते. लाँड्री बंद ठेवून त्या भिंतीच्या खालच्या टोकासमोर, वरून दिसेल अशा कठड्यापाशी उशीचा अभ्रा घेऊन उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा असला की अभ्रा वर. दोनदा त्यांनी अभ्रा वर केला आणि मीच गेले नाही. त्यांनी खालून हाक मारली, "मला कपडे आहेत अजून."

परवा गेले. ब्रेक न लावता. भिंत अंगावर आली, मग नाहीशी झाली, आणि पुढे रस्ताच रस्ता होता. मी वळणातून बाहेर पडले तेव्हा उजव्या हाताला निम्मा रस्ता शिल्लक होता. नशिबाने झालं असेल म्हणून परत गेले. मग काल परत. प्रत्येक वेळी निम्मा रस्ता उरला. तुझा वेग माझ्यापेक्षा खूप जास्त असणार, हे मी विसरलेले नाही. तो उरलेला निम्मा रस्ता तुझ्या वेगासाठी आहे.

तेव्हा कोरी जागा अशी भर:

माथ्यावरून उतरताना कोपरं उचल, हात खालच्या हँडलवर घे. भिंत दिसली की घाबरायला होईल. भिंतीकडे बघू नकोस. तिच्या बुडाशी चुन्याने रंगवलेला एक दगड आहे, त्याच्याकडे बघ. दगडाशी सायकल डावीकडे झुकव. ब्रेक लागत नाही.

"वाटतं" काढून टाकलंय. अट एकच, रस्ता कोरडा आणि साफ हवा. ओला असेल तर ब्रेक लाव, त्यात वाद नाही. खाणीचे ट्रक जातात, त्यांतून बारीक खडी सांडते, ती शर्यतीच्या सकाळी मी झाडून काढणार आहे. हे चालतं का, म्हणून स्पर्धेच्या कचेरीत विचारायला गेले. मी म्हटलं, झाडलं तर त्यात माझ्या आत्याचा फायदा होईल. तिथले पंच म्हणाले, बाई, वळण झाडलं तर ते सगळ्यांसाठीच झाडलं जातं. मी म्हटलं, तेच विचारायला आले होते.

आत्या, ही ओळ मी दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली. तरी ती बरोबर आहे.

तुझी शंकाबाई


२७ मे

शंकाबाई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर दिवसभर रागावले होते. का ते सांगते.

दादाने ब्रेक लिहिला म्हणून मी दोन वर्षं हरले, असं मी तुला भासवलं. ते निम्मंच खरं आहे. पडल्यापासून वळण आलं की माझी बोटं आपोआप मिटतात. दादाने लिहिलेलं असो वा नसो. त्याने लिहिलेलं असलं की मला बरं वाटायचं, कारण मग तो ब्रेक त्याचा असायचा. तो बिचारा माझं भ्यालेपण स्वतःच्या नावावर घेत राहिला आणि मी घेऊ दिलं. मला वाटलं होतं, तू तर ब्रेक लिहिशीलच. तू जन्माची भित्री. मग मी म्हटलं असतं, भाचीने लिहिला.

आणि तू स्वतः उतरून आलीस.

आता मला सबब राहिली नाही. तुम्हा दोघांची मतं भिंतीवर शेजारी शेजारी लावली आहेत. मी आदल्या संध्याकाळी पोचेन, तेव्हा या वळणाचा विषय काढू नकोस. मी काय करणार आहे ते विचारू नकोस. मला माहीत नाही.

आत्या


४ जून

प्रिय शंकाबाई,

तुला धड भेटताच आलं नाही. आधी उत्तेजकांच्या तपासणीवाले घेऊन गेले, मग सत्कार, मग रातोरात गाडीत घालून इकडे राजधानीत आणलं. सहावं पदक गळ्यात आहे आणि मी एका हॉटेलच्या खोलीत कपडे वाळत घालत बसले आहे. तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

पोस्टाकडे बघितलं नाही. कालव्यावर वारा उजव्या गालावर आला, तू म्हणालीस तसा. शाळेच्या भिंतीशी श्वास घेतला. चढाचा पहिला तुकडा संपला तेव्हा संपला असं वाटलं, आणि मला चक्क हसू आलं. माथ्यावर पाण्याला हात लावला नाही. उताराला लागले, हात खाली घेतले, आणि भिंत दिसली.

भिंतीच्या तोंडाशी दादा उभा होता. तो येणार हे तुला माहीत होतं का? तळवा जमिनीकडे करून हलवत होता, शिकाऊला दाखवतो तसा. हळू, हळू. मी त्याला बघितलं आणि माझी बोटं ब्रेकवर मिटायला लागली. खरं सांगते, दाब पडायला एवढंसंच उरलं होतं. मग तुझा दगड दिसला. दादाने तो रस्ता पाहिला होता तो काळजीने. तू पाहिला होतास सायकलवरून. एवढाच हिशेब तेव्हा डोक्यात होता, आणि तोसुद्धा हिशेब म्हणण्यासारखा नव्हता. बोटं उघडली. मी झुकले. भिंत गेली आणि तो तुझा उरलेला निम्मा रस्ता मी सगळा वापरला, अगदी कडेच्या गवतापर्यंत.

पोचल्यावर पहिल्या क्रमांकाच्या खुर्चीत बसवलं. आपल्यापेक्षा चांगला वेळ कुणी देईपर्यंत तिथेच बसायचं असतं, सगळ्यांच्या नजरेसमोर, चेहरा बरा ठेवून. एकच यायची राहिली होती, गेल्या दोन वर्षांची विजेती. माथ्यावरचा तिचा वेळ जाहीर झाला, तो माझ्यापेक्षा चांगला होता. मी मनातल्या मनात खुर्चीतून उठलेही होते. मग ती आली, घड्याळ थांबलं आणि लोक माझ्याकडे धावले. फरक इतका लहान होता की पाटीवर दिसला तेव्हा मी डोळे बारीक करून परत वाचला.

ती पोर आली आणि पाया पडायला वाकली, तिला अर्ध्यात उचललं. तिला म्हटलं, पुढच्या वर्षीपासून तुझंच. वार्ताहरांनी विचारलं, या वयात हे कसं काय? मी सांगितलं, रस्ता माझ्या भाचीने लिहिला होता. त्यांना कळलं नाही. छापतात का बघ.

दादाचं मात्र मला काही कळेना. गर्दीतून आला, पाठीवर थाप मारली, गाडीत पेट्रोल भरायचंय म्हणाला आणि गेला. तो तर बसने आला होता ना? माझ्यावर चिडलाय का? त्याच्या समोरून, त्याचा हात दिसत असून, मी तशीच गेले.

आत्या


८ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज मिळालं. मी आणि बाबा काल घरी पोचलो. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चिडलेले नाहीत. पण हे मी नक्की म्हणून लिहू शकते ते परवा घडलं त्यामुळे, म्हणून ते सांगते.

बाबा येणार हे मला माहीत नव्हतं. शर्यतीच्या सकाळी मी वळण झाडत होते तर वरून चालत येताना दिसले. पहाटेच्या बसने आले होते. माझ्या हातातला झाडू घेतला आणि मी झाडलेलं सगळं वळण पुन्हा एकदा झाडलं. मग तो दगड बघितला, भिंतीच्या दोन्ही टोकांना जाऊन आले, आणि वरच्या तोंडाशी उभे राहिले. मी खालच्या टोकाला, समोरच्या कठड्यापाशी होते, तिथून वरचं तोंड दिसतं.

तू आलीस तेव्हा मला तू आधी दिसली नाहीस. मला बाबांची पाठ दिसत होती. हात हलत होता आणि उजवा पाय डांबरावर दाबलेला होता, पूर्ण ताकदीने. मग तू माझ्या समोरून गेलीस. इतक्या जवळून की माझी ओढणी उडाली. ब्रेकचा आवाज आला नाही. मी ऐकत होते ना, फक्त तेच ऐकत होते. गवताच्या कडेपर्यंत गेलीस तेव्हा मी डोळे मिटले होते, हे मात्र खरं. उघडले तेव्हा तू लहान होत चालली होतीस.

मग ती शेवटची आली, आणि भिंतीशी तिने ब्रेक लावला. एक बारीक किंचाळल्यासारखा आवाज झाला. त्या क्षणी मला कळलं की तू जिंकलीस. पण वेळ पाटीवर लागेपर्यंत मी कुणाला बोलले नाही. खात्री नव्हती म्हणून नाही, खात्री होती. दुसऱ्या कुणाच्या ब्रेकचा आपल्याला इतका आनंद व्हावा याची लाज वाटत होती म्हणून. बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर हा घे," आणि अभ्रा पुढे केला. स्वच्छ होता, इस्त्रीचा.

बाबा पेट्रोलचं म्हणून जे गेले ते टाकीच्या मागे जाऊन बसले होते. मी लांबून बघितलं आणि जवळ गेले नाही.

परवा आम्हाला निघायचं होतं. बाबा चहा पिता पिता म्हणाले, तुझी सायकल दे जरा. पडलीस त्या दिवसापासून त्यांनी सायकलवर पाय ठेवलेला नाही, हे तुला माहीत आहे. सीट वर करू का विचारलं तर नको म्हणाले. सगळा चढ त्यांनी सायकल हातात धरून चालत काढला, मी बरोबर होते. वाटेत फक्त एकदा बोलले, पहिला तुकडा संपल्यावर, "हा संपल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, लिहिलं होतं. ते हुं म्हणाले.

बाई खाली उभ्या होत्या. रस्ता आता शर्यतीचा नव्हता, ट्रक चालू झाले होते, म्हणून मी वरच्या तोंडाशी थांबले आणि बाईंचा अभ्रा वर गेल्यावर हात केला. बाबा माथ्यावरून सुटले. गुडघे बाहेर, पाठ ताठ, गाडीच्या सीटवर बसल्यासारखे. माझ्या समोरून गेले तेव्हा दगडाकडे बघत होते. मला खूप हाक मारावीशी वाटली आणि मी मारली नाही. ते भिंतीआड गेले.

मी धावत खाली पोचले तर रस्त्याच्या मधोमध एक पाय टेकवून उभे होते. हात अजून हँडलवर, मान मागे वळवून ते वळण बघत होते. त्यांच्या उजव्या हाताला रस्ता शिल्लक होता, निम्म्याहून जास्त. बाईंनी अभ्र्याची घडी घातली.

मी विचारलं, "काय झालं?"

त्यांनी सायकल माझ्या हातात दिली. घाम पुसला.

"मी लावला," म्हणाले. मग वळणाकडेच बघत, "पण इथे लागत नव्हता."

तुझी,
शंकाबाई